ग्रीनवर रुपयाएवढे डाग पडलेत, कोणतं बुरशीनाशक मारू?

हरळी_सेवक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी वाईचा. तीन वर्षं पाचगणीजवळच्या एका रिसॉर्टचं लॉन सांभाळतोय. नाव विचारू नका. मालकांना गोल्फची हौस, म्हणून तीन होलांचं छोटं गोल्फ केलंय. तीन ग्रीन (होलाभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) मिळून चार गुंठे आणि बाकी दीडेक एकर साधं लॉन. ग्रीनवर टिफड्वार्फ आहे असं ठेकेदार सांगून गेला, म्हणजे आपल्या हरळीचीच संकरित जात. रोज चार मिलिमीटरवर कापतो.

पाऊस गेल्यापासून पहाटे दव एवढं पडतं की चप्पल भिजते. आठ दिवसांपासून दोन नंबरच्या ग्रीनवर गवत पांढरट पडून रुपयाएवढे गोल डाग दिसायला लागलेत, काही ठिकाणी चार-पाच डाग एकमेकांत मिसळलेत. कृषी सेवा केंद्रातल्या दुकानदाराने कार्बेन्डाझिम दिलं, ते मारलं. फरक शून्य. मग मालकांचे एक मित्र म्हणाले हेक्झाकोनॅझोल मार, डबल डोस. तेही मारलं. डाग थांबल्यासारखे वाटतात, पण आता गवतच वाढेना. शिवाय एक नंबरच्या उतारावर परातीएवढे पिवळे चट्टे आलेत, ते वेगळेच.

मालक म्हणतात दर आठ दिवसांनी काहीतरी फवारत राहा, दिवाळीला गर्दी आहे. कोणतं औषध, किती दिवसांनी? जाणकारांनी सांगावं.

तासगावचा_बागवाला

आमच्या आज्जाची कंबर हरळी खणण्यात गेली. बाबांचं आयुष्य हरळी जाळण्यात गेलं. माझं तणनाशक मारण्यात चाललंय. आन् तुमी हरळीला औषध पाजताय! नांगरून उन्हात टाकली तरी मरत न्हाई ती, हितं आजारी कशी काय पडली?

मिरज_जंक्शन

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बागवाले ऑनलाइन? बाग कुणाच्या भरवशावर?

तासगावचा_बागवाला

पहाटे चारला फवारणीचा ब्लोअर सुरू केलाय, आता चहा पितोय. पोंगा (कोवळा कोंब) फुटलाय, डाऊनी रोगाचं टेन्शन आहे. झोप न्हाईच, मग म्हटलं बघावं दुसऱ्याच्या बुरशीचं काय चाललंय.

नववा_होल

मूळचा कराडचा. मस्कतच्या एका गोल्फ कोर्सवर अकरा वर्षं ग्रीनवर काम करून परत आलोय. औषधाचं नाव सांगण्याआधी काही विचारतो, उत्तरं द्या:

पाणी कधी देता? युरिया शेवटचा कधी दिला? फवारणीनंतर किती वेळाने कापलं? डागाच्या कडेचं एक पातं तोडून उन्हात धरा, पात्यावर फिकट पट्टा आणि त्याला तांबूस कड दिसते का? पहाटे उजाडताना डागावर कोळिष्टकासारखा कापूस दिसतो का? आणि उतारावरचं गवत मुठीत धरून ओढलं तर काय होतं?

चिंधी

डॉक्टरसुद्धा एवढे प्रश्न विचारत नाहीत हल्ली, थेट रक्त तपासायला पाठवतात.

हरळी_सेवक

नववा_होल, आभार. पाणी संध्याकाळी सहाला, स्प्रिंकलर. पाहुणे तेव्हा चहाला आत असतात. युरिया जूनपासून नाही, मालक म्हणाले खत घातलं की कापायचं काम वाढतं. फवारणी सकाळी सातला केली, मशीन आठला फिरवलं. पात्यावर तांबूस कड आहे. कापूसही दिसतो, पण तो आजूबाजूच्या चांगल्या गवतावरही दिसतो. उतारावर उद्या ओढून बघतो.

नववा_होल

सातला फवारलं आणि आठला कापलं! म्हणजे औषध पात्यावर सुकायच्या आत कापून गवताच्या पेटीत गेलं आणि पेटी उकिरड्यावर. डाग गेले नाहीत यात कार्बेन्डाझिमचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा दोष असा की या बुरशीत त्या गटाला न जुमानणारे वाण जगभर सापडतात, पण तुमच्याकडचा तसा आहे की नाही हे तुमच्या वेळापत्रकावरून कळायला मार्गच नाही.

चांगल्या गवतावरचा कापूस बहुतेक कोळ्याचं जाळं असणार. दवात दोन्ही सारखंच चमकतं. बोटाने उचलून बघा, जाळं ताणलं जातं, बुरशी बोटाला चिकटून विरते. मी स्वतः पहिल्या वर्षी कोळ्यांवर महागडं औषध मारलंय, त्यामुळे लाज वाटून घेऊ नका.

मला हा डॉलर स्पॉट वाटतो. अमेरिकेतल्या जुन्या चांदीच्या डॉलरएवढा डाग, म्हणून ते नाव. या बुरशीला वर्षानुवर्षं स्क्लेरोटिनिया म्हणायचे, २०१८ साली शास्त्रज्ञांनी तिला क्लॅरिरीडिया असा नवा वंशच दिला. नाव काहीही असो, तिला दोन गोष्टी आवडतात: रात्रभर ओलं राहणारं पातं आणि नत्राअभावी उपाशी गवत. तुम्ही दोन्ही पुरवलंय.

मिरज_जंक्शन

आपल्याकडे त्याला 'रुपया डाग' म्हणू. अवमूल्यन झालंय, त्यामुळे आकार लहान.

तासगावचा_बागवाला

आता मी जरा नीट लिहितो, कारण बुरशीनाशकात आमची हयात गेली.

पहिली गोष्ट, बुरशी आणि बुरशीत फरक असतो. आमच्या द्राक्षात भुरी आणि डाऊनी दोन्हीला लोक बुरशीच म्हणतात, पण डाऊनी ही खरी बुरशीच नव्हे, ती शेवाळाच्या जवळची पाण्यातली जात. कार्बेन्डाझिम तिच्यावर ओतलं तरी तिचं काही बिघडत नाही. तिला मेटॅलॅक्सिल, फोसेटिल असली औषधं लागतात. दुकानदाराला विचारलं तर तो जे जास्त पडून आहे ते देतो, हा सगळ्या तालुक्यांचा अनुभव.

दुसरी गोष्ट, एकच औषध पुन्हा पुन्हा नको. आमच्याकडे स्ट्रोबिल्युरीन गट आला तेव्हा लोकांनी एका हंगामात इतक्या वेळा मारला की काही वर्षांत डाऊनीनं त्याला विचारणं सोडलं. डब्यावरचं कंपनीचं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं होत नाही. आतल्या घटकाचा गट बघायचा. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल हे सख्खे भाऊ. आज एक, आठवड्याने दुसरं मारलंत तर बुरशीच्या दृष्टीनं तेच.

तिसरी, डबल डोस सांगणारा मित्र बदला.

कॅरोलिनाकर

सांगलीचा, सध्या नॉर्थ कॅरोलिनात. शनिवारी गोल्फ खेळतो, वाईट खेळतो. आमच्या क्लबच्या मैदानप्रमुखाशी ओळख आहे. बागवाले म्हणतात तशी पाण्यातली जात गवतातही येते, पिथियम. रात्री गरम, हवा दमट आणि पाणी तुंबलेलं असेल तर रातोरात येते. गवत तेलकट काळपट दिसतं आणि डाग गोल न राहता पाणी वाहतं त्या दिशेने लांबत जातात. तुमचे डाग गोल आणि थंड दवाच्या दिवसांतले, म्हणजे ते नसावं.

खात्री करायची असेल तर डागाच्या कडेचा मातीसकट छोटा तुकडा कापा, ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर घरात ठेवा. सकाळी बुरशी फुललेली दिसेल. घरात कोळी सोडू नका म्हणजे झालं.

आणि एक कामाची गोष्ट. इथल्या लेबलवर डोस हजार चौरस फुटाला दिलेला असतो. आपला गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे जवळजवळ तोच हिशेब. पानावरच्या रोगासाठी हजार चौरस फुटाला दोन गॅलन पाणी वापरतात, म्हणजे गुंठ्याला आठ लिटर. सोळा लिटरच्या पाठीवरच्या पंपात दोन गुंठे.

हरळी_सेवक

मी चार गुंठ्याला एक पंप मारत होतो.

चिंधी

अर्ध्या पाण्यात डबल डोस. म्हणजे चौपट घट्ट. गवताला वाढायचं धाडस होईल कसं?

आंबेवाला_पाटण

त्यावरून आठवलं. गवत वाढत नाही ते या हेक्झाकोनॅझोलमुळेच असेल का? आंब्याला फांद्यांची वाढ रोखून मोहोर यावा म्हणून कल्टार घालतात, त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल याच ट्रायझोल घराण्यातलं.

नववा_होल

बरोबर पकडलंत. ही औषधं गवतातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरकही कमी करतात. ठराविक डोसला त्रास होत नाही, पण हरळीच्या ग्रीनवर, त्यातून उन्हाच्या दिवसांत, जास्त झालं की पाती आखूड, जाड, निळसर पडतात आणि डाग भरून यायचे थांबतात. विचित्र फसगत होते बघा: बुरशी मेलेली असते, पण भोक तसंच दिसतं, म्हणून माणूस आणखी फवारतो. बुरशीनाशक मेलेलं पातं जिवंत करत नाही. डाग भरतो तो नव्या फुटव्याने, आणि नवा फुटवा तुम्ही बंद केलाय.

आता हातातलं काम. या गटाचं औषध महिनाभर बाजूला ठेवा. गुंठ्याला शंभर ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून द्या, वरून हलकं पाणी मारा, आठवड्याने पुन्हा. पाणी संध्याकाळी बंद, पहाटे उजाडायच्या आधी द्या. आणि लांब बांबू घेऊन ग्रीनवरून आडवा फिरवत रोज सकाळी दव झाडा. पात्यावर ओल जितके तास कमी, तितकी बुरशी कमी. हसू येईल, पण फवारणीची एखादी फेरी त्याने वाचते.

घाटावरची

मी सांगलीची, माझा प्रश्न वेगळा आहे. पाचगणीचं उत्तरेकडचं पाणी धोमच्या जलाशयात येतं, तिथून वाई, कराड, आणि मग आमच्या घाटावर. तुम्ही वर रुपयाएवढ्या डागांसाठी 'दर आठ दिवसांनी काहीतरी' फवारणार आणि आम्ही खाली ते पिणार. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे ना? गोल्फवर हिरवळ चकचकीत दिसावी यासाठी एवढं विष कशाला? पिवळी दिसली तर कुणाचं पोट बिघडतं?

तासगावचा_बागवाला

ताई, राग मानू नका. चार गुंठ्यांचं औषध मोजायला बसलात तर आमच्या हजारो एकर बागांचं काय? छाटणीपासून घड पिकेपर्यंत आम्ही किती हात मारतो ते सांगितलं तर द्राक्षं खायची बंद कराल. उसाला, सोयाबीनला, हळदीला सगळीकडे आहेच की.

घाटावरची

म्हणजे तुमच्याकडेही आहे, म्हणून यांच्याकडे चालेल? तुमच्या द्राक्षाने निदान कुणाचं पोट भरतं. आणि तुम्ही तरी का सुधारलात? २०१० मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी द्राक्षं अडवली तेव्हा. गवत कुणी निर्यात करत नाही, त्यामुळे त्याचे अंश कुणी मोजत नाही.

तासगावचा_बागवाला

ते साल काढू नका, आमचे दोन कंटेनर होते त्यात. पण मुद्दा खरा आहे. तपासणारा असला की माणूस डबा वाचतो.

कॅरोलिनाकर

घाटावरचीच्या बाजूने एक भर. जुन्या काळी इकडे ग्रीनवर चक्क पाऱ्याची आणि कॅडमियमची संयुगं मारत. बुरशी जायची, पारा मातीत राहायचा. गोल्फवर वर्षानुवर्षं हुकमी मानलेलं क्लोरोथॅलोनिल युरोपीय संघाने २०१९ मध्ये बंद करायचं ठरवलं, त्यात भूजलात उतरणाऱ्या अंशांची काळजी हे एक कारण होतं.

तागडीचं दुसरं पारडंही सांगतो. अठरा होलांच्या कोर्सवर सगळी ग्रीन मिळून तीनेक एकर असतात, आणि नेमाने फवारणी होते ती मुख्यतः तिथेच. शिवाय अंदाज बांधूनही फवारतात. डॉलर स्पॉटसाठी गेल्या पाच दिवसांचं सरासरी तापमान आणि आर्द्रता घालून धोक्याची टक्केवारी काढणारं एक गणित आहे, ती साधारण वीसच्या वर गेली तरच पंप काढायचा. तुमच्या मालकांच्या 'दर आठ दिवसांनी'पेक्षा हे स्वस्त आहे, हे त्यांना सांगून बघा. पर्यावरण म्हणू नका, खर्च म्हणा.

गोट्या_सातारकर

मग बोर्डो मिश्रण का नाही मारत? ते नैसर्गिक असतं ना?

तासगावचा_बागवाला

मोरचूद नैसर्गिक, म्हणून चाटून बघणार का? मोरचूद (तांब्याचं संयुग) आणि चुना, फ्रान्समध्ये बोर्डोकडचे लोक रस्त्याकडेच्या वेलींवर टाकायचे, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. तेवढ्याच वेलींवर डाऊनी नाही हे मिलार्डे नावाच्या प्राध्यापकानं हेरलं आणि १८८५ मध्ये जगाला सांगितलं. चोरामुळं लागलेला शोध. आमच्याकडं आजही एक टक्का बोर्डो चालतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पण कोवळ्या फुटीवर मारला तर पान करपतं, आणि चार मिलिमीटरचं गवत म्हणजे कायम कोवळी फूटच. शिवाय तांबं मातीत साठतं. ग्रीनवर नको.

शेतकी_शाळा

लेबल क्लेमबद्दल कुणीच बोललं नाही. आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली प्रत्येक औषध ठराविक पिकासाठी आणि ठराविक रोगासाठी मंजूर असतं. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक डब्यांवर भात, मिरची, द्राक्ष, भुईमूग अशी नावं असतात, लॉनचं नाव क्वचित. म्हणजे 'ग्रीनला डोस किती' याचं उत्तर डब्यावर नाही आणि दुकानदाराने सांगितलेला आकडा त्याच्या मनातला. डबा घेताना त्रिकोणाचा रंगही बघा. लाल, पिवळा, निळा, हिरवा, या क्रमाने विषारीपणा उतरत जातो.

आणि फवारणारा कोण आहे? हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या? २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारताना कितीतरी माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, पण पंप पाठीवर गळतोच.

हरळी_सेवक

फवारणारा मीच. रुमाल बांधतो. बाकी काही देत नाहीत.

शेतकी_शाळा

रुमाल ओला झाला की तोच औषधाचा बोळा होतो नाकावर. मालकांना गोल्फचा एक चेंडू कमी घ्यायला सांगा आणि मास्क मागा. न मागता मिळणार नाही.

कॅरोलिनाकर

खेळणाऱ्यांनाही सांगा. लोक टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) दातात धरतात, चेंडू थुंकी लावून पुसतात. फवारणी झाली की औषध सुकेपर्यंत ग्रीन बंद ठेवायचं आणि पाटी लावायची.

पाचगणीची_आजी

तुमचं बोलणं रोज वाचते, समजतं निम्मं. पण एक विचारायचं होतं. आमच्या ओळखीची एक बाई अशाच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. ती दर संकष्टीला तिथल्या लॉनच्या कडेच्या दूर्वा खुडून आणते, छान कोवळ्या असतात म्हणे. एकवीस जुड्या देवाला आणि उरलेल्याचा रस काढून घेते, पित्तावर. हे चालेल का?

नववा_होल

आजी, अजिबात नाही. देवाला वाहण्याचं तुम्ही ठरवा, पण रस तर मुळीच नको. तिला आजच फोन करा.

हरळी_सेवक

आजी, ती बाई आमच्याकडचीच असावी. खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मीच तिला म्हणायचो, मावशी, कडेच्या घ्या, तिथे मशीन पोचत नाही. मशीन पोचत नाही, पण पंपाचा फवारा पोचतो.

चिंधी

विनोद सुचत नाहीये. मावशी बऱ्या आहेत ना?

हरळी_सेवक

बऱ्या आहेत. मागच्या संकष्टीला फवारणी सुरू व्हायची होती.

हरळी_सेवक

दहा दिवसांनी लिहितोय, उशीर झाला. क्रमाने सांगतो.

पिशवीत तुकडा ठेवला, सकाळी पांढरा कापूस आला. उरलेला बहुतेक कोळीच होता. पाणी पहाटे चारला केलं, टायमर नाही म्हणून मीच उठतो. युरिया दोनदा दिला. बांबू फिरवतो. मालकांनी पहिल्या दिवशी विचारलं, हे काय, साप मारतोयस का? कॅरोलिनाकर म्हणाले तसं खर्चाचं गणित मांडलं, तेव्हा गप्प झाले. मास्क आणि हातमोजे आले. चेंडूंचं बजेट कमी झालं नाही.

एकदाच फवारलं, दुसऱ्या गटातलं. संध्याकाळी कापून मग फवारलं आणि पुढचा दिवसभर मशीन लावलं नाही. नवे डाग दोनच दिसले. जुने अजून पूर्ण भरले नाहीत, गवत आता कुठे हलायला लागलंय.

आता उतारावरचे चट्टे. मुठीत धरून ओढलं तर सतरंजीसारखं गुंडाळून हातात आलं. मुळं कुरतडलेली. खाली पांढऱ्या, अर्धगोल, जाडजूड अळ्या. फूटभर जागेत नऊ मोजल्या.

तासगावचा_बागवाला

हुमणी! अहो, उसातली हुमणी! आन् तुमी तिला बुरशीनाशक पाजत होता!

आंबेवाला_पाटण

पावसाच्या तोंडावर हुमणीचे भुंगेरे दिव्याला आले असतील बघा. रिसॉर्टचे ते रात्रभर जळणारे पिवळे दिवे उताराच्या कडेलाच असणार.

हरळी_सेवक

बरोबर, आठ दिवे आहेत तिथे. अळ्या गोळा करून कोंबड्यांना टाकल्या. उरलेल्यांचं काय करायचं यासाठी नवा धागा काढतो, इथे विषयांतर नको.

नववा_होल

काढा. दोन नंबरच्या ग्रीनवर मात्र लक्ष ठेवा, डिसेंबरात थंडीने हरळी झोपेल आणि भरून न आलेले डाग फेब्रुवारीपर्यंत तसेच दिसतील. तेव्हा पुन्हा पंप काढू नका.

हरळी_सेवक

नाही काढत. दिवाळीनंतर त्याच ग्रीनवर एका लग्नाचं रिसेप्शन घेतलंय मालकांनी. मंडपाचे खांब कुठे रोवायचे ते विचारायला उद्या डेकोरेशनवाले येतायत. कडेला पाटी मात्र लावली आजच, 'इथल्या दूर्वा तोडू नयेत, औषध मारलेले आहे'. मावशींनी ती वाचली आणि म्हणाल्या, मग आधी गणपतीला तरी सांगायचंस.